एक मीटर बोगदा आणि एका गावाचं जंगल

कांदिवली पूर्वेला महामार्ग ओलांडून आकुर्ली रोडने सरळ आत जात राहा. लोखंडवालाचे मनोरे मागे पडतात, दामूनगर येतं आणि पुढे शहरच संपतं. भिंतीपलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. क्षेत्रफळ सुमारे १०३ चौरस किलोमीटर. आकडा छोटा वाटतो ना? चला, जरा मुंबईच्या भाषेत करून बघू.

१०३ चौरस किलोमीटर म्हणजे सुमारे १११ कोटी चौरस फूट. कांदिवलीत फ्लॅटचा भाव चौरस फुटाला वीस हजारांच्या आसपास धरा. या जंगलावर नुसती एकमजली घरं उभी केली, वर दुसरा मजलाही चढवला नाही, तरी किंमत होते बावीस लाख कोटी रुपये. महाराष्ट्र सरकारचा वर्षाचा अर्थसंकल्प सात लाख कोटींच्या घरातला. म्हणजे बारा-तेरा कोटी माणसांचं राज्य तीन वर्षं चालेल एवढी रक्कम कांदिवली-बोरिवलीच्या मागे झाडांखाली निजलेली आहे! याच जंगलातली झोपडपट्टी हटवण्याचा आदेश उच्च न्यायालयाने १९९७ साली दिला, तेव्हा पर्यायी घर मिळण्यासाठी पात्र कुटुंबाने भरायचे होते ७,००० रुपये. ते गोळा करतानाही कित्येक घरांची दमछाक झाली. आजच्या भावाने सात हजारांत इथे किती जागा येते? एक-तृतीयांश चौरस फूट. वहीचं अर्धं पान.

ही झाली भिंतीच्या अलीकडची आणि पलीकडची दरी. आता मोठी दरी बघू. त्यासाठी कांदिवलीहून साधारण साडेनऊशे किलोमीटर पूर्वेला जावं लागेल. मुंबई-पुणे अंतर सहा वेळा कापायचं, मग गडचिरोली येते.

गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा. मुंबई उपनगर जिल्हा ४४६ चौरस किलोमीटरचा. दहिसर ते वांद्रे आणि मुलुंड ते मानखुर्द एवढं सगळं उपनगर उचलून गडचिरोलीत ठेवलं, तर तशी ३२ उपनगरं मावतील. माणसं मात्र उलटी. २०११ च्या जनगणनेत उपनगरात ९३ लाख ५७ हजार, गडचिरोलीत १० लाख ७३ हजार. उपनगरात एका चौरस किलोमीटरमध्ये जवळपास २१ हजार माणसं, गडचिरोलीत ७४.

आता ही जमीन समसमान वाटून टाकू. उपनगरातल्या प्रत्येकाच्या वाट्याला येते ५१३ चौरस फूट. तीही रस्ते, रूळ, नाले, स्मशान, शाळा सगळं त्यातच धरून! गडचिरोलीतल्या प्रत्येकाच्या वाट्याला येतात सव्वातीन एकर. त्यातले दोन एकरांहून जास्त निव्वळ जंगल, कारण जिल्ह्याची जवळपास सत्तर टक्के जमीन झाडांखाली आहे. साग, बांबू, मोह, तेंदू, हिरडा. आपल्या राष्ट्रीय उद्यानाएवढी नव्वदहून जास्त जंगलं तिथे एकाला एक लागून उभी आहेत.

सव्वातीन एकरवाला श्रीमंत की ५१३ फूटवाला? राज्याची आर्थिक पाहणी उघडा. मुंबईचं दरडोई उत्पन्न गडचिरोलीच्या अडीच-तीन पट. ज्याच्याकडे जमीन २८० पटींनी जास्त, त्याच्या हातात पैसा तिसरा हिस्सा. या आकड्यांपुढे मी दर वेळी थबकतो. एवढं सोनं अंगणात असताना घर रिकामं कसं?

उत्तर एका जुन्या भावात सापडतं. तो ऐकताना सावरून बसा.

पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात कर्नाटकातल्या बांबूचा अभ्यास केला. त्यांनी पुढे आयुष्यभर पुन्हा पुन्हा सांगितलेला हा भाव आहे. कागद गिरणीला सरकारी जंगलातला बांबू मिळत होता टनाला दीड रुपयाने. टोपल्या विणणाऱ्या बुरडाला तोच बांबू बाजारात घ्यावा लागत होता टनाला दीड हजारांच्या वर. हजार पट! विणणारा गरीब, त्याला हजार पट महाग. गिरणीवाला धनाढ्य, त्याला हजार पट स्वस्त.

दीड रुपयात टन म्हणजे नेमकं काय, ते मोजू. जंगल खात्याच्या हिशेबात २,४०० मीटर बांबू म्हणजे एक टन असा एक ठोकताळा असतो. म्हणजे सव्वादोन किलोमीटरांहून लांब बांबूची रांग दीड रुपयात. तीच रांग वाढवत मुंबईहून पुण्याला न्या. दादर, ठाणे, पनवेल, खोपोली, घाट चढून लोणावळा, तळेगाव, शिवाजीनगर. दीडशे किलोमीटर अखंड बांबू. गिरणीला खर्च किती? ९४ रुपये. बुरडाला? ९४ हजार रुपये! त्या बांबूचा कागद झाला, कागदाच्या वह्या झाल्या, कचेऱ्यांच्या फायली झाल्या, शहरांत नोकऱ्या झाल्या. जंगलात उरली तोडणीची मजुरी.

वनविकास हा शब्द आपण इतकी वर्षं ऐकतोय. लागवड किती हेक्टर, रोपं किती कोटी, साग किती घनमीटर, सगळं मोजलं जातं. खरा आकडा मात्र एकच: जंगलातून निघालेल्या रुपयातले किती पैसे जंगलाशेजारच्या घरात पोचले? दीड रुपयाच्या टनात ते पैसे शोधायलाही भिंग लागेल.

आणि हे काही फक्त दूरच्या रानांचं झालं नाही. खुद्द कांदिवली घ्या. शंभर वर्षांपूर्वी हे मुंबईबाहेरचं खेडं होतं. १९२० च्या दशकात बॅकबेचा समुद्र बुजवायचं ठरलं, तेव्हा कांदिवलीच्या खाणीतला दगड आणि मुरूम आगगाडीने दक्षिण मुंबईला गेला. बेत होता ११४५ एकरांचा, भरली गेली ४४० एकरांच्या आसपास. तेवढीही जमीन होते एक कोटी ९१ लाख चौरस फूट. आपला डोंगर मरीन ड्राइव्हकडे जाऊन बसला! पुढे शहर वाढत वाढत कांदिवलीपर्यंत आलं, म्हणून कांदिवलीकरांना निदान उशिरा का होईना हिस्सा मिळाला. गडचिरोलीपर्यंत शहर येत नाही. तिथून फक्त माल निघतो.

आता या गोष्टीतलं सगळ्यात सुंदर गणित. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा. गोंडांचं गाव, शंभराच्या आसपास घरं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा इथली. गावाचे नेते देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल ही नावं या गावाबरोबरच घेतली जातात. २००६ चा वनहक्क कायदा आला, त्यात बांबू गौण वनोपजात मोडला, म्हणजे तो तोडून विकायचा हक्क गावाला मिळण्याची वाट उघडली. २००९ मध्ये मेंढा-लेखाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. १८ चौरस किलोमीटर. आपल्या राष्ट्रीय उद्यानाचा सहावा हिस्सा, शंभर घरांच्या ताब्यात. घरटी १८ हेक्टर!

पण हक्काचा कागद मिळूनही बांबू गावाबाहेर जाईना. वाहतुकीचा परवाना देणार कोण, यावर गाडं अडलं. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं गेलं. छापील पानांचं एक पुस्तक! त्याची किंमत किती निघावी? पहिल्या एक-दोन हंगामांतच बांबूविक्री कोटीच्या पुढे गेली. ग्रामसभेने स्वतःचं पॅन कार्ड काढलं, बँकेतून मजुरी दिली, वह्या लिहिल्या. शंभर घरं आणि एक कोटी, म्हणजे घरामागे लाख रुपयांची उलाढाल. झाडं तीच, माणसं तीच, पाऊस तोच. बदललं एवढंच की विक्रीची पावती गावात फाडली जाऊ लागली.

मेंढा-लेखा एकटं राहिलं असतं, तर मी हा लेख लिहिलाच नसता. गडचिरोलीत साडेतेराशेहून जास्त गावांना असा सामूहिक हक्क मिळाला आहे आणि त्यांच्या हक्काचं जंगल आहे चार लाख हेक्टरांहून जास्त. म्हणजे चार हजार चौरस किलोमीटर. कुलाब्यापासून दहिसर-मुलुंडपर्यंतची अख्खी मुंबई ६०३ चौरस किलोमीटरची. म्हणजे साडेसहा मुंबया! कुलाब्यापासून दहिसरपर्यंत एकदा, दोनदा, तीनदा, साडेसहा वेळा, आणि एवढ्या जमिनीवरचा बांबू नि तेंदू कुणाला, केवढ्याला विकायचा हे ग्रामसभा ठरवू शकते. एवढा मोठा कारभार गावांकडे गेलेले जिल्हे भारतात फार थोडे.

तेंदूचं नाव निघालंच आहे, तर त्यापाशी थोडं थांबू, कारण जंगलातले आकडे हातांनी कसे तयार होतात ते इथे दिसतं. मे महिना. पहाटे अंधारातच घरातली माणसं रानात शिरतात आणि उन्हं चढायच्या आत पानांचे भारे घेऊन परत येतात. मग सावलीत बसून निवड. डागाळलेलं पान बाजूला, फाटलेलं बाजूला, कोवळं बाजूला. चांगली पानं एकावर एक रचून सत्तर झाली की सालीच्या दोरीने बांधायची. हा एक पुडा. म्हातारी बांधते, पोरं मोजतात, सून रचते. संध्याकाळी पुडे फळीवर न्यायचे, म्हणजे गावाबाहेर पानं सुकवण्याची जी मोकळी जागा असते तिथे. शेकड्याने मोजून नोंद होते. शंभर पुडे म्हणजे सात हजार पानं. आपल्या बारा डब्यांच्या विरार लोकलमध्ये सकाळी साडेआठला पाच हजारांच्या आसपास माणसं कोंबलेली असतात. त्याहून जास्त पानं एका घराने एका दिवसात तोडली, निवडली, मोजली आणि बांधली! एकेक पान बोटांखालून गेलेलं.

हजार पुड्यांचं एक प्रमाण गोणं. सत्तर हजार पानं. पान वीतभराहून थोडं कमी भरतं, सोयीसाठी पंधरा सेंटिमीटर धरू. एका गोण्यातली पानं देठाला टोक लावून ठेवली, तर रांग होते साडेदहा किलोमीटर. कांदिवली स्टेशनपासून मालाड, गोरेगाव, राम मंदिर, जोगेश्वरी करत थेट अंधेरी! एक गोणं म्हणजे कांदिवली ते अंधेरी. पंधरा गोणी झाली की रांग पुण्याला पोचली. समजा शेकड्याला चारशे रुपये भाव मिळाला, तर एका पानाला सहा पैसेही पडत नाहीत. म्हणून भावातला एकेक रुपया इथे लाख मोलाचा. पूर्वी हा भाव वरून यायचा. आता ग्रामसभा लिलाव बोलावते, कंत्राटदार समोर बसतो, बोली लावतो. कधी भाव चढतो, कधी पडतो, कधी कंत्राटदार पैसे थकवतो, हेही खरं. पण भाव काय मिळाला हे गावातल्या प्रत्येकाला माहीत असतं, आणि भांडायला जागा असते.

नेपाळने हेच कितीतरी मोठ्या पटीवर करून दाखवलं. तिथे बावीस हजारांहून जास्त वनउपभोक्ता गट, म्हणजे आपलं जंगल स्वतः सांभाळणारे गावकऱ्यांचे गट आहेत. मुंबईत जेवढ्या बेस्टच्या बस आहेत, त्यांच्या कित्येक पट!

आता पुन्हा मुंबईत येऊ, कारण मेंढा-लेखाचा तो कोटी रुपया हातात धरून मुंबईत फिरलं की डोकं गरगरतं.

मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा. दिवसाला २०४ कोटी. मिनिटाला चौदा लाख. एका सेकंदाला साडेतेवीस हजार. तुम्ही ‘कांदिवली’ म्हणेपर्यंत साडेतेवीस हजार! मेंढा-लेखाने जो कोटी रुपया बांबू तोडून, वाहून, मोजून, विकून उभा केला, तो महापालिकेला पुरतो सात मिनिटं. कांदिवलीहून सुटलेली धीमी लोकल मालाड घेऊन गोरेगावला लागेपर्यंत मेंढा-लेखाची कमाई संपली.

आणि आता या जंगलाच्या पोटात चला. बोरिवलीच्या मागाठाण्यापासून ठाण्याच्या टिकुजीनीवाडीपर्यंत राष्ट्रीय उद्यानाखालून जुळा बोगदा होतो आहे. जुलै २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं भूमिपूजन झालं. खर्च १६,६०० कोटी, लांबी ११.८ किलोमीटर. घोडबंदरचा वळसा वाचेल, बारा किलोमीटर आणि सुमारे एक तास वाचेल. भागाकार करा. किलोमीटरला १,४०० कोटी. मीटरला एक कोटी चाळीस लाख!

एक मीटर म्हणजे एक मोठी ढांग. शंभर घरांनी १८ चौरस किलोमीटर जंगल राखून, त्यातला बांबू विकून मिळवलेला कोटी या बोगद्यात एक ढांगसुद्धा पुरत नाही. पाऊल मध्येच थांबतं. बोगदा नको असं माझं म्हणणं नाही. घोडबंदरला तास-तास अडकणाऱ्यांना विचारा, त्यांना तो हवाच आहे. पण शहर जंगलाखालून जाण्यासाठी ढांगेला जवळपास दीड कोटी मोजू शकतं, तर जंगल राखणाऱ्याला मोजायला त्याच्याकडे काहीच नाही असं कुणी म्हणू नये.

कारण मुंबई रोज जंगलाचं देणं लागते, आणि हा आकडा सगळ्यात अचाट आहे. तयार?

मुंबईला रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी पुरवलं जातं. वीस फूट रुंद आणि तीस फूट खोल अशी गावची भरलेली विहीर डोळ्यांसमोर आणा. अशा चौदा हजारांहून जास्त विहिरी मुंबई रोज तळापर्यंत पिऊन टाकते! दहा हजार लिटरचे टँकर लावले तर तीन लाख ८५ हजार टँकर. बंपरला बंपर लावून उभे केले तर रांग तीन हजार किलोमीटरची. पुण्याला जाऊन येणं, असं दहा वेळा. दर सेकंदाला एक टँकर सोडला, रात्रंदिवस सोडला, तरी एका दिवसाचं पाणी पोचायला साडेचार दिवस लागतील.

हे पाणी येतं कुठून? विहार आणि तुळशी हे दोन तलाव आपल्या जंगलात आहेत. विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा. दोन्ही काठोकाठ भरले तरी मुंबईची नऊ दिवसांची तहान भागते. मुंबईला पाणी देणाऱ्या सातही तलावांच्या साठ्यात त्यांचा वाटा शंभरात अडीच. उरलेलं साडेसत्त्याण्णव टक्के ठाणे, पालघर, नाशिकच्या डोंगरांतून येतं: तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा, भातसा. एकटे तानसा आणि भातसा मिळून जवळपास साठ टक्के, आणि हे दोन्ही शहापूर तालुक्यात. तानसाभोवतीचं जंगल १९७० पासून अभयारण्य आहे. डोंगर पाऊस झेलतो, झाडं माती धरून ठेवतात, तलाव भरतात आणि जलवाहिन्यांतून पाणी तुमच्या-माझ्या नळाला येतं.

त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकरने पाणी द्यावं लागतं. दर उन्हाळ्याची बातमी आहे ही. मुंबईचं साठ टक्के पाणी जिथे साठतं, तिथली बाई हंडा घेऊन टँकरची वाट बघते. जलवाहिनीच्या वाटेवरच्या काही गावांना पालिका पाणी देते, पण डोंगरातल्या पाड्यांपर्यंत ते चढत नाही.

आणि आपण या पाण्याचे किती देतो? इमारतीतल्या घराला हजार लिटरमागे सहा-सात रुपये. दुकानात पाण्याची बाटली वीस रुपयांच्या आसपास मिळते. त्या एका बाटलीच्या पैशात तीन हजार लिटर! तीन हजार लिटर डोंगरातून, जंगलातून, शंभर किलोमीटरवरून आलेलं, शुद्ध केलेलं पाणी, तिसऱ्या मजल्यावर घरात.

तर या हजार लिटरमागे फक्त एक रुपया जास्त द्यायचा म्हटलं तर? ३८५ कोटी लिटरचे दिवसाला साडेअडतीस लाख रुपये. वर्षाला १४० कोटी. गळती आणि चोरीत जाणारा मोठा हिस्सा सोडून द्या, तरी नव्वद कोटी उरतात. शहापूर, मोखाडा, वाडा, इगतपुरीच्या पाणलोटातल्या ग्रामसभांच्या खात्यात दर वर्षी नव्वद कोटी. मेंढा-लेखासारख्या नव्वद गावांची बांबूची कमाई, एकही बांबू न तोडता! जंगल उभं राखल्याचे पैसे. बोगद्याच्या भाषेत हे जेमतेम पासष्ट मीटर होतात, पाड्याच्या भाषेत विहिरी, नळयोजना, शाळा आणि पोरांना मुंबईला मजुरीला न पाठवण्याची सोय.

कांदिवलीतल्या पाच माणसांच्या घराला या एका रुपयाचा भार किती? महिन्याला वीस हजार लिटर धरा. वीस रुपये. दुकानातली एक बाटली.

कांदिवलीकरांनो, तुमच्या सोसायटीच्या पुढच्या सभेत हा एका रुपयाचा ठराव मांडा आणि त्याची प्रत नगरसेवकाला, आमदाराला आणि आर-दक्षिण विभागाच्या कचेरीला द्या.